वरच्या कोटीची पदे : सोडायची केव्हा, धरायची केव्हा?

अकरावीत असताना सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही साध्या लंबकाचा प्रयोग केला होता. एक मीटर लांबीचा दोरा, पितळी गोळा आणि एक थांबघड्याळ. गोळा चांगला वीतदीड वीत बाजूला ओढून सोडला, २० दोलनांचा वेळ घेतला आणि सूत्रात आकडे भरून गुरुत्वत्वरण काढले. उत्तर आले ९.६५. वही तपासताना त्या आकड्याखाली लाल रेघ पडली. "उत्तर ९.८ यायला पाहिजे. कुठेतरी चुकलंय, दुरुस्त करून आण." आम्ही दुरुस्त केले. म्हणजे प्रयोग पुन्हा केला नाही. वेळेच्या रकान्यातले दोन आकडे बदलले. पूर्ण गुण मिळाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आले, की ते उत्तर चुकलेले नव्हतेच. आमचे मोजमाप बरोबर होते. वापरलेल्या सूत्रातून एक पद गाळलेले होते आणि आमच्या लंबकाने ते पद प्रामाणिकपणे दाखवले होते. ज्या क्षणी निसर्ग काही सांगत होता, त्याच क्षणी आम्ही वहीतले आकडे खोडले. हे एका विद्यार्थ्याचे किंवा एका प्रयोगशाळेचे दुखणे नाही. आमची पाठ्यपुस्तके ज्या रीतीने 'वरच्या कोटीची पदे नगण्य असल्याने सोडून देऊ' असे म्हणतात, त्या रीतीत ते आहे. त्या रीतीची थोडी तपासणी करावी, म्हणून हा लेख.

पद म्हणजे काय, कोटी म्हणजे काय?

मराठीत 'पद' हा शब्द गणितात आहे, तर्कशास्त्रात आहे, कचेरीत आहे आणि नाट्यसंगीतातही आहे. 'कोटी'ची तीच गत. शंभर लाखांची कोटी, दर्जा या अर्थाची कोटी, आणि शब्दावर केलेली कोटी. त्यामुळे 'उच्च कोटीचे पद' म्हटले, की विद्यार्थ्याच्या मनात काहीतरी मोठे, मानाचे असे चित्र उभे राहते. गणितात मात्र ही पदे बहुधा सर्वांत लहान असतात आणि म्हणूनच त्यांना सर्वांत आधी निरोप मिळतो!

साधे उदाहरण घेऊ. एक मीटर बाजूचा लोखंडी चौरस पत्रा १०० अंश सेल्सियसने तापवला. लोखंडाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ आहे, म्हणजे प्रत्येक बाजू १.००१२ मीटर होईल. क्षेत्रफळ किती वाढले? १.००१२ चा वर्ग करा : १.००२४०१४४. यातले ०.००२४ हे पहिल्या कोटीचे पद. ते रेषीय प्रसरणाच्या बरोबर दुप्पट आहे आणि म्हणूनच क्षेत्रीय प्रसरणांक रेषीयच्या दुप्पट असतो असे आपण शिकवतो. शेवटचे ०.००००००१४४ नव्हे, तर ०.०००००१४४ हे दुसऱ्या कोटीचे पद. (शून्ये मोजताना आमचीच गफलत होते, तर मुलांची का होणार नाही?) पत्र्याच्या दोन कडांना दोन अरुंद पट्ट्या वाढल्या आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौरस वाढला. तो चौरस म्हणजे हे दुसरे पद. पट्ट्यांच्या मानाने तो सुमारे सोळाशेवा हिस्सा आहे. तो सोडला तर कोणाचे काही बिघडत नाही.

एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्र मराठीत आणले तेव्हा त्या विषयाला 'शून्यलब्धी' असे नाव दिले. शून्याकडे जाणाऱ्या राशींमधून जे लाभते ते. कोपऱ्यातला चौरस सोडून दोन पट्ट्या हाती ठेवणे, हेच ते लाभणे.

म्हणजे पदे सोडण्यावर आमचा आक्षेप नाही. काहीतरी सोडल्याशिवाय विज्ञान सुरूच होत नाही. लंबकाचा आवर्तकाल झोक्याच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसतो, हे गॅलिलिओचे म्हणणे काटेकोरपणे खरे नाही. पण ते 'जवळजवळ खरे' धरले म्हणून १६५६ साली हायगेन्सला लंबकाचे घड्याळ बनवता आले. त्यातला फरक तो विसरला नाही, हे महत्त्वाचे. गोळा वर्तुळाकार कमानीऐवजी चक्रज वक्रावर फिरला तर हा फरक पूर्ण नाहीसा होतो, हे त्यानेच १६५९ मध्ये शोधले. आधी सोडले, मग सोडलेल्याचा हिशेब दिला. आमच्या पुस्तकांत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते.

पहिला आक्षेप : 'लहान' कशाच्या तुलनेत?

लंबकाच्या प्रकरणात 'कोन लहान असला पाहिजे' असे वाक्य येते. किती लहान? कुठे पाच अंश म्हणतात, कुठे दहा. कारण कोणी देत नाही. कारण देणे अवघड मात्र नाही. झोक्याचा कोन रेडियनमध्ये 'क्ष' असेल, तर खरा आवर्तकाल हा सूत्रातल्या आवर्तकालाला (१ + क्ष²/१६ + …) ने गुणून मिळतो. हे क्ष²/१६ म्हणजेच गाळलेले पद. त्याची किंमत काढून पाहू.

५ अंशांच्या झोक्याला आवर्तकाल ०.०५ टक्क्याने वाढतो. १० अंशांना ०.१९ टक्के, २० अंशांना ०.७७ टक्के, ३० अंशांना १.७४ टक्के. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो, त्यामुळे तिथली चूक दुप्पट होते. ५ अंशांना ती ०.१ टक्का. आता एक मीटर दोऱ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर त्यानेही नेमकी ०.१ टक्काच चूक येते. म्हणजे मीटरपट्टीने मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या विद्यार्थ्याने पाच अंशांच्या आत राहावे, हा सल्ला अगदी योग्य आहे. त्याच्या पट्टीची चूक आणि गाळलेले पद तिथे बरोबरीला येतात. पण हे कारण सांगितले नाही, तर 'पाच अंश' हा मंत्र होतो.

आता आमच्या त्या वहीकडे वळू. सांगलीच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ आहे. पुस्तकातले ९.८१ हे विषुववृत्तापासून बऱ्याच दूरच्या, युरोपातल्या अक्षांशांवरचे मूल्य. पृथ्वीच्या फिरण्याने आणि चपटेपणाने येणारे आणखी एक पद तिथे मुकाट्याने बाजूला पडलेले असते. वीस अंशांच्या झोक्याने ९.७८ चे ९.६३ व्हायला हवे. दोलने चालू असताना झोका हळूहळू लहान होत जातो, म्हणून परिणाम थोडा कमी. आमचे उत्तर होते ९.६५.

'नगण्य' हा शब्द एकटा कधीच पूर्ण नसतो. तो कशाच्या तुलनेत नगण्य, कोणत्या कामासाठी नगण्य, हे सोबत सांगावे लागते. प्रयोगशाळेतल्या एका तासासाठी १० अंशांवरचा ०.१९ टक्का नगण्य असेल. पण तेवढ्याच झोक्यावर चालणारे भिंतीवरचे घड्याळ त्या पदामुळे दिवसाला सुमारे पावणेतीन मिनिटांचा फरक दाखवील. घड्याळजी ते सोडू शकत नाही. म्हणूनच चांगल्या घड्याळांचे लंबक दोनतीन अंशच हलतात.

या बाबतीत आपल्याच देशातले एक जुने उदाहरण मुलांना जरूर सांगावे. केरळात चौदाव्या-पंधराव्या शतकांत माधव आणि त्याच्या शिष्यपरंपरेने पायची अनंत मालिका शोधली : १ वजा एकतृतीयांश अधिक एकपंचमांश वजा एकसप्तमांश… आणि याची चौपट म्हणजे पाय. ही मालिका फार संथ चालते. पहिली पाच पदे घेतली तर पायची किंमत ३.३४ येते, म्हणजे भलतीच. या गणित्यांनी उरलेली पदे 'नगण्य' म्हणून टाकली नाहीत. जिथे थांबलो तिथून पुढच्या सगळ्या पदांची मिळून किंमत अंदाजे किती, याची दुरुस्ती त्यांनी दिली. तिचे सर्वांत सोपे रूप असे : पाच पदांवर थांबलात तर पाचाच्या चौपटीचा व्यस्त, म्हणजे १/२०, वजा करा. करून पाहा. उत्तर ३.१३९७ येते. पाच पदांत एवढी अचूकता, केवळ सोडलेल्या पदांची आठवण ठेवल्यामुळे.

दुसरा आक्षेप : वरची पदे म्हणजे फक्त किरकोळ दुरुस्ती, हा समज

दुसरी चूक जास्त खोल आहे. पहिले पद म्हणजे खरा माल आणि पुढची पदे म्हणजे वरचे चिल्लर, असा समज मुलांच्या मनात पक्का बसतो. पण पहिले पद शून्य असेल तर? मग सगळा कारभार दुसऱ्या पदाच्या हाती जातो.

वर्गात करता येईल असा प्रयोग सांगतो. दोन खिळे बरोबर दोन मीटर अंतरावर ठोका. त्यांना दोन मीटर एक सेंटिमीटर लांबीची दोरी बांधा. दोरीला ढील फक्त एक सेंटिमीटर. आता ती मध्यावर चिमटीत धरून वर उचला. किती उचलली जाईल? मुले म्हणतील, अर्धा सेंटिमीटर, फार तर एक. प्रत्यक्षात ती दहा सेंटिमीटर वर येते. पायथागोरसने ताडून घ्या : कर्ण १.००५, पाया १, तर उंची जवळजवळ ०.१ मीटर. दोरी मध्यावर बाजूला सरकते तेव्हा लांबीत पडणाऱ्या फरकाचे पहिल्या कोटीचे पद शून्यच असते. लांबी वाढते ती सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात. उलट पाहिले, तर लांबीतला चिमूटभर फरक बाजूच्या सरकण्यात दसपट होऊन दिसतो. उन्हाळ्यात रुळाला प्रसरणाला जागा मिळाली नाही तर तो एवढा वाकडा का होतो, त्याच्या कारणांतले एक इथे आहे.

सांगलीकरांना याहून जवळचे उदाहरण द्यायला हवे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुरांत आयर्विन पुलाजवळची पातळी हाच शहराचा श्वास झाला होता. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा रात्री घराघरात एकच प्रश्न असतो : पाणी किती चढले? आणि या प्रश्नाचे उत्तर पुरेसे नसते.

समजण्यासाठी दोन काल्पनिक पूर घेऊ. दोन्हींत सकाळी ६ वाजता पातळी ४३.० फूट आणि दुपारी ३ वाजता ४५.४ फूट. पहिल्या पुरात दर तीन तासांनी घेतलेल्या नोंदी अशा : ४३.०, ४४.२, ४५.०, ४५.४. दुसऱ्यात अशा : ४३.०, ४३.४, ४४.२, ४५.४. सुरुवात तीच, शेवट तोच, सरासरी चढ तोच, तीन तासांना ०.८ फूट. केवळ पहिल्या कोटीचा विचार करणारा माणूस दोन्ही ठिकाणी सांगेल, की संध्याकाळी ६ वाजता ४६.२ फूट. पण पहिल्या पुरात चढ १.२, ०.८, ०.४ असा उतरत आहे. पुढचा चढ शून्य, म्हणजे पातळी ४५.४ वरच टेकली. दुसऱ्यात चढ ०.४, ०.८, १.२ असा वाढत आहे, पुढचा १.६, म्हणजे ४७.० फूट. एका घरात सामान माळ्यावर टाकून थांबता येईल, दुसऱ्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन ताबडतोब बाहेर पडावे लागेल. हा फरक सर्वस्वी दुसऱ्या कोटीच्या पदाचा, चढाच्या बदलाचा आहे. पूर कळसाला पोचतो त्या क्षणी तर पहिले पद शून्यच असते. पाणी आता उतरणार की पुन्हा चढणार, हे दुसरे पदच सांगते.

नदीकाठची जुनी माणसे 'पाणी चढतंय, पण जोर तुटलाय' असे म्हणतात तेव्हा त्यांनी दुसरे अवकलज काढलेले असते! अर्थात हेही पद जवळच्या काळापुरतेच. हाच हिशेब दोन दिवस पुढे ताणला तर पहिल्या पुरातली नदी तळापर्यंत आटलेली निघेल. धरणांतून सोडलेले पाणी आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस यांची माहिती घेतल्याशिवाय पुराचा अंदाज करू नये. मुद्दा इतकाच, की दोनऐवजी तीन नोंदी ठेवल्या की प्रश्नच वेगळा विचारता येतो.

पदे वाढवत गेले की भागते का?

इथे हुशार विद्यार्थी विचारील, की मग सगळीच पदे घ्यावीत, म्हणजे भीती नाही. तसेही नाही.

इलेक्ट्रॉनच्या चुंबकी आघूर्णाचे साधे उत्तर १ धरले, तर १९४८ साली श्विंगरने काढलेल्या पहिल्या दुरुस्तीने ते १.००११६ झाले. पुढच्या पायऱ्यांचे काम किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके चालवले. पाचव्या पायरीसाठी १२,६७२ आकृत्यांचा हिशेब करावा लागला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाशी त्याचा मेळ विलक्षण आहे. तरीही फ्रीमन डायसनने १९५२ सालीच दाखवून दिले होते, की ही मालिका अखेरीस अभिसारी नसावी. म्हणजे काही पदांपर्यंत उत्तर सुधारत जाते. त्यापलीकडे पदे वाढवली तर ते बिघडू लागेल. अधिक पदे म्हणजे अधिक सत्य, असा नियम नाही.

आणि काही घटना अशा असतात, की त्या पदांच्या मालिकेत बसतच नाहीत. याचे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला सुमारे ६.३ प्रतीचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचा आराखडा करताना, त्या काळच्या रीतीप्रमाणे, भूकंपासाठी वजनाच्या ५ टक्के इतका स्थिर आडवा जोर धरला होता. जणू धरण हा एक ताठ ठोकळा आहे आणि त्याचा प्रत्येक भाग सारखाच हलतो. प्रत्यक्षात धरणातच बसवलेल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मे (०.४९ पट) त्वरण नोंदवले. धरण तगले, पण त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्याही बहुतेक करून जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. पुढे आधारभिंती देऊन धरण मजबूत करावे लागले.

१९७३ साली चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी धरण ताठ न धरता ते लवचिक आहे, झुलते आहे, असे धरून गणित केले. तेव्हा काँक्रीटला न पेलणारा ताण नेमका त्याच जागी निघाला. हे गणितही ताण आणि विकृती समप्रमाणात मानणारे, म्हणजे रेषीयच होते. भेग कुठे सुरू होईल हे त्याने सांगितले. भेग पडल्यावर काय होईल, हे मात्र ते सांगू शकत नव्हते, कारण तडकलेले धरण हे वेगळेच धरण असते. घातांची मालिका ही गुळगुळीत वक्रांची भाषा आहे. तडा हा गुळगुळीत नसतो. कितीही वरच्या कोटीची पदे जोडली तरी तो त्यांतून निघत नाही. तिथे नवे गृहीतकच घ्यावे लागते. म्हणूनच आज जगभर काँक्रीट तडकण्याची गणिती प्रतिमाने तपासताना कोयना धरण हे कसोटीचे उदाहरण म्हणून घेतले जाते. साताऱ्याच्या शाळेत हे सांगितले जाते का, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवतो.

तर्कशास्त्रातली कोटी वेगळी

आता एका गैरसमजाकडे. तर्कशास्त्रातही पहिल्या आणि दुसऱ्या कोटीची भाषा असते. तिथे लहानमोठेपणाचा काहीही संबंध नाही. पहिल्या कोटीच्या भाषेत 'सर्व' आणि 'काही' हे शब्द वस्तूंना लागतात : सर्व गावे, काही माणसे. दुसऱ्या कोटीच्या भाषेत ते वस्तूंच्या समूहांना, गुणधर्मांना लागतात : 'प्रत्येक गुणधर्म असा, की…' एवढाच फरक. पण त्याचा परिणाम मोठा आहे.

समजा, भाषेत एकच मूळ विधान आहे : 'अ गावाहून ब गावाला थेट एसटी आहे'. महाबळेश्वरहून जतला थेट जाता येते, हे सांगणे सोपे. एकदा गाडी बदलून जाता येते, हेही सोपे : असे एक गाव आहे, की महाबळेश्वरहून तिथे थेट गाडी आहे आणि तिथून जतला थेट गाडी आहे. दोनदा बदलून, तीनदा बदलून, सगळे सांगता येते. पण 'कितीही वेळा गाडी बदलून का होईना, जाता येते' हे, कितीही मोठ्या जाळ्याला लागू पडेल असे, एका वाक्यात सांगा. पहिल्या कोटीच्या भाषेत ते सांगताच येत नाही!

का, ते थोडक्यात असे. समजा, तसे वाक्य आहे. त्याच्या जोडीला आणखी वाक्ये मांडा : 'थेट जाता येत नाही', 'एकदा बदलून येत नाही', 'दोनदा बदलून येत नाही'… अशी अनंत. यांतली कोणतीही मोजकी वाक्ये घेतली तर ती सगळी खरी ठरतील असे जाळे मिळते. मार्ग पुरेसा लांबचा घेतला की झाले. गडेलच्या १९३० सालच्या कामातून निघणारा एक सिद्धान्त सांगतो, की पहिल्या कोटीच्या भाषेत असे असेल तर सर्व वाक्ये एकदम खरी असणारे जाळेही असलेच पाहिजे. त्या जाळ्यात जतला जाता तर येते, पण कितीही वेळा गाडी बदलून येत नाही. ही विसंगती झाली. तेव्हा तसे वाक्य नाही.

दुसऱ्या कोटीच्या भाषेत मात्र उत्तर सुंदर आहे : 'गावांचा कोणताही समूह घ्या. त्यात महाबळेश्वर असेल, आणि त्यातल्या प्रत्येक गावाहून थेट जाता येणारी सर्व गावेही त्यात असतील, तर त्यात जत असलेच पाहिजे.' ही युक्ती फ्रेगेने १८७९ साली 'पूर्वज' या कल्पनेची व्याख्या करताना वापरली. बाप, बापाचा बाप, असे कितीही मागे जाणे म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगण्यासाठी. आपण दहावी-अकरावीनंतर शिकवतो ते गणिती विगमनाचे तत्त्वही याच साच्याचे आहे.

या वाढीव ताकदीची किंमतही द्यावी लागते. पहिल्या कोटीच्या तर्कशास्त्रात जे जे तर्कतः सत्य ते ते नियमांनी सिद्ध करता येते. दुसऱ्या कोटीच्या तर्कशास्त्रासाठी असे पुरेसे नियम कधीच देता येणार नाहीत, हे गडेलच्याच १९३१ सालच्या सिद्धान्तातून निघते. सांगता अधिक येते, सिद्ध करण्याची हमी मात्र जाते.

दोन्ही ठिकाणी साम्य एवढेच, की पायरी चढल्यावर आपण वस्तूऐवजी वस्तूंविषयीच्या गोष्टीबद्दल बोलू लागतो. पातळीऐवजी पातळीच्या चढाबद्दल, गावांऐवजी गावांच्या समूहांबद्दल. साम्य त्यापुढे ताणू नये. गणितात वरची कोटी पुष्कळदा सोडता येते. तर्कशास्त्रात ती सोडली तर म्हणायचे होते तेच म्हणता येत नाही. 'उच्च कोटी' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरताना शिक्षकांनी हा खुलासा जरूर करावा.

शिक्षकांसाठी

आमची मागणी फार नाही. सूत्र फळ्यावर लिहिताना गाळलेले पहिले पद शेजारी कंसात लिहावे. पाठ करायला नव्हे, दिसायला. 'नगण्य' हा शब्द आला की 'कशाच्या तुलनेत?' हे विचारण्याची वर्गाला सवय लावावी. आणि लंबकाचा प्रयोग एका कोनावर न थांबवता असा करावा.

एक मीटर लांबीचा दोरा आणि जड गोळा घ्या. गोळा आडव्या अंतरात १७, ३४ आणि ५० सेंटिमीटर बाजूला ओढा. म्हणजे कोन जवळजवळ १०, २० आणि ३० अंश होतात. प्रत्येक वेळी २० दोलनांचा वेळ घ्या. अगदी लहान झोक्याला तो ४०.२ सेकंदांच्या आसपास येईल. गणितानुसार १० अंशांना तो जेमतेम ०.०८ सेकंदाने वाढतो. थांबघड्याळ दाबणाऱ्या बोटाला एवढा फरक कळत नाही. २० अंशांना वाढ ०.३१ सेकंद, ३० अंशांना ०.७० सेकंद. हा फरक कळतो. झोका मंदावत असल्याने प्रत्यक्षातले आकडे थोडे कमी येतील, म्हणून प्रत्येक मोजमाप तीनचार वेळा घेऊन सरासरी काढा. मग या दोन वाढींचे गुणोत्तर काढा. ते ४ ला ९ च्या जवळ, म्हणजे २ आणि ३ यांच्या वर्गांच्या प्रमाणात येईल. सोडून दिलेले पद वर्गाचे आहे, हे मुलांनी स्वतःच्या हाताने मोजलेले असेल.

आणि एखाद्या वहीत ९.६५ असे उत्तर दिसले, तर लाल रेघ मारण्याआधी एवढेच विचारा : "गोळा किती ओढला होतास रे?"